माळावरची टपालपेटी

इंग्लंडच्या नैऋत्येस डेव्हन नावाचा परगणा आहे. तेथे डार्टमूर हे विस्तीर्ण, उजाड पठार पसरलेले आहे. जिकडे पाहावे तिकडे वाऱ्यावर लवणारे गवत, काळी पाणथळ माती आणि टेकड्यांच्या माथ्यावर कोणी रचून ठेवावेत तसे ग्रॅनाइटचे प्रचंड खडक! या खडकांना तेथील लोक ‘टॉर’ म्हणतात. अशा निर्जन माळावर टपालपेट्या आहेत, असे सांगितले तर विश्वास बसणार नाही. परंतु त्या आहेत. आणि मौज अशी की, त्यांतली पत्रे नेण्यासाठी कोणी पोस्टमन येत नाही.

ही प्रथा १८५४ साली सुरू झाली. चॅगफर्ड गावचा वाटाड्या जेम्स पेरट हा हौशी प्रवाशांना क्रॅनमियरच्या तळ्यापर्यंत नेत असे. इतक्या दुर्गम जागी पोहोचल्याची खूण मागे राहावी, म्हणून त्याने तेथे एक काचेची बाटली ठेवली. येणारा प्रवासी तिच्यात आपल्या नावाची चिठ्ठी टाकी. पुढे बाटलीच्या जागी पत्र्याची पेटी आली, १९०५ साली नोंदवही आली आणि १९३७ साली दगडी पेटी बांधण्यात आली. लोक तेथे पत्रेही ठेवू लागले. नियम एवढाच, की मागून येणाऱ्याने ती उचलावी आणि गावात गेल्यावर टपालात टाकावी. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात माळावर दडवलेल्या अशा पेट्यांची संख्या हजारांवर गेली.

२०१९ च्या सप्टेंबरात मी या पेट्या शोधण्यास निघाले. वाईहून आई दूरध्वनीवर म्हणाली, “एकटीच कशाला जातेस? कोणाला तरी सोबत घे.” पण सोबत कोणी नव्हते आणि मनातली हौस काही स्वस्थ बसू देईना. एक्झेटर शहरात एक लहानशी मोटार भाड्याने घेतली आणि चॅगफर्डची वाट धरली. दोन्ही बाजूंना उंच कुंपणे आणि मधला रस्ता जेमतेम एका मोटारीपुरता. समोरून कोणी आले, की एकाने मागे सरायचे आणि दुसऱ्याने हात उंचावून आभार मानायचे!

पहिल्या दिवशी होकायंत्र घेऊन एका टॉरच्या पायथ्याशी दडवलेली पेटी शोधू लागले. कोणत्या दिशेस कोणता टॉर दिसावा आणि तेथून किती पावले चालावे, एवढीच खूण हाती होती. तासाभराने एका शिळेखाली लहान डबा सापडला. त्यात एक वही व रबरी शिक्का होता. तो शिक्का मी माझ्या वहीत उमटवला; पिंपळपानाचा माझा शिक्का त्यांच्या वहीत उमटवला आणि दगड होता तसा ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी ओकहॅम्प्टनहून पायी क्रॅनमियरकडे निघाले. त्या भागात सैन्याचा गोळीबाराचा सराव चालतो. सरावाच्या दिवशी तांबडी निशाणे लागतात व तिकडे जाण्यास मनाई असते. म्हणून वेळापत्रक आधीच पाहून घेतले होते. चिखल तुडवीत तीन तासांनी तेथे पोहोचले. तळे नावालाच, पाणी नाहीच! काळ्या मातीचा एक खळगा आणि त्यात ती दगडी पेटी. पेटीत दोन पत्रे होती. एकावरचे अक्षर लहान मुलाचे, वाकडेतिकडे होते. पत्रे उघडी असली तरी परक्याची; मी केवळ पत्ते वाचले आणि ती पिशवीत जपून ठेवली.

मग आईला लिहिलेले पत्र बाहेर काढले. धुके उतरू लागले होते. येथे पुन्हा कोण येईल, उद्या की महिन्याने? हे पत्रही आपणच गावात टाकले तर? आईला ते नक्की मिळेल. क्षणभर हात थबकला. पण मग त्या लहान मुलाने कोणाच्या भरवशावर आपले पत्र येथे ठेवले होते? मी पत्र पेटीत ठेवले आणि झाकण लावले. संध्याकाळी ओकहॅम्प्टनच्या तांबड्या पेटीत ती दोन पत्रे टाकली, तेव्हा कुठे जिवाला बरे वाटले.

चोविसाव्या दिवशी आईचा दूरध्वनी आला. “अगं, तुझे पत्र आले! पण ते टाकले कोणी?”

“ठाऊक नाही, आई.”

“मग त्या माणसाचे आभार कसे मानायचे?”

मी तिला त्या दोन पत्रांची गोष्ट सांगितली. ती ज्यांना मिळाली, त्यांनाही माझे नाव कधी कळणार नाही. काही उपकार असे असतात, की ते करणाऱ्याला परत करता येत नाहीत. ते पुढच्या वाटसरूच्या हाती द्यायचे असतात.

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हणजे त्या माळावर तू अगदीच एकटी नव्हतीस तर!”