पालथ्या मोबाइलवरची अरबी

आमच्या घरात अरबी भाषेचा वावर पहिल्यापासूनच. अब्बांनी 22 वर्षे कुवेतमध्ये ड्रायव्हरची नोकरी केली. अम्मी लहानपणी मकतबमध्ये नाजरा कुरआन शिकल्या आणि तेव्हापासून रोज फजरनंतर एक पारा वाचतात. आम्ही दोघे आणि आमची दोन्ही मुलेही गावच्या मकतबमधूनच शिकलो. ऐन आणि हम्जा, स्वाद आणि सीन यांतला फरक मौलानांनी आमच्याकडून घोटून घेतला होता.

काही वर्षांपूर्वी रमजानमध्ये धाकटा तरावीहहून आला आणि म्हणाला, "आज इमामसाहेब तिलावत करताना रडले. कुठली गोष्ट होती त्या आयतींत?" घरात कुणालाच सांगता आले नाही. त्याने अब्बांकडे पाहिले. अब्बा काही बोलले नाहीत. पाणी प्यायले आणि झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी सहरीच्या वेळी ते आपणहून म्हणाले, "लोकांना वाटते, हा इतकी वर्षे अरबांत राहिला, याला कुरआन कळत असेल. मला गाडीत बसलेल्या माणसाचे कळते. अल्लाहचे कळत नाही."

या बोलण्यात भाषेची एक खरी अडचण दडलेली आहे. कुवेतच्या रस्त्यावरची अरबी वेगळी आणि कुरआनची अरबी वेगळी. रोजच्या बोलीला 'आम्मिया' म्हणतात, ग्रंथांच्या आणि बातम्यांच्या प्रमाण भाषेला 'फुसहा'. अब्बांना 'कुठे'साठी 'वेन' माहीत होते, कुरआनात 'ऐना' येते. 'जा' म्हणून त्यांनी आयुष्यभर 'रूह' ऐकले. सूरह ताहामध्ये हजरत मूसा (अलै.) यांना फिरऔनकडे जाण्याची आज्ञा होते, तिथे शब्द आहे 'इज़्हब'. अरब देशांतल्या घरगुती मालिका बहुतेक बोलीतच असतात, त्यामुळे त्या पाहूनही कुरआनची भाषा कानावर पडत नाही. ऐतिहासिक मालिकांचे मात्र तसे नाही. त्यांतली पात्रे फुसहात बोलतात, रागावतात, सौदा करतात, मुलांना हाका मारतात.

अब्बांच्या कुवेतमधल्या एका जुन्या मित्राने आम्हाला 'उमर' ही मालिका सुचवली. ती 2012 च्या रमजानमध्ये अरब वाहिन्यांवर रोज दाखवली गेली. लेखक वलीद सैफ, दिग्दर्शक सीरियाचे हातिम अली. याच जोडीने त्याआधी सलाहुद्दीन अय्यूबी आणि अंदलुसच्या इतिहासावरही मालिका केल्या होत्या.

पण अब्बांनी नाव ऐकताच हात वर केला. "हजरत उमर (रजि.) यांच्या जागी नट? जुम्याच्या खुतब्यात त्यांचे नाव आले की माझ्या डोळ्यांसमोर त्याचा चेहरा येईल. मला ते नको."

हा आक्षेप एकट्या अब्बांचा नव्हता. मालिका आली तेव्हा इजिप्तच्या अल-अजहरनेही खुलफा-ए-राशिदीन यांना पडद्यावर दाखवण्याला विरोध केला होता. दुसरीकडे डॉ. युसूफ अल-करजावी आणि सलमान अल-औदा यांच्यासारख्या विद्वानांनी संहिता तपासून दिली होती. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे रूप किंवा आवाज मालिकेत कुठेही नाही. आम्ही ओळखीच्या एका आलिमांना विचारले. ते म्हणाले, "यात उलमांचे मतभेद आहेत. ज्याचे मन मानत नाही, त्याच्यावर जबरदस्ती करू नका."

मग घरात तडजोड झाली. आम्ही दोघांनी रात्री उपशीर्षके वाचत एखादा प्रसंग निवडायचा आणि त्यातले शब्द वहीत उतरवून घ्यायचे. दुसऱ्या दिवशी असरनंतर तोच पाच मिनिटांचा तुकडा सगळ्यांसाठी लावायचा, पण मोबाइल चटईवर पालथा ठेवून. चेहरा कुणालाच दिसणार नाही, भाषा मात्र ऐकू येईल. अब्बांनी थोडा विचार करून मान डोलावली. पुढे आम्हाला कळले की मालिकेत मुख्य भूमिकेला चेहरा एका नटाचा आहे आणि आवाज दुसऱ्याचा. अब्बा हसून म्हणाले, "मग तर आपण अर्धी मालिका आधीच वगळली."

पहिल्या आठवड्यात कुणाच्या हाती काही लागले नाही. बोलणे फार वेगाने पुढे जायचे. मग हजरत बिलाल (रजि.) यांच्या छळाचा प्रसंग आला. तापलेली वाळू, छातीवर दगड आणि तोंडात एकच शब्द, 'अहद, अहद'. अम्मी कोपऱ्यात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांचे हात थांबले. "हे तर माझ्या सूरहमधले," त्या म्हणाल्या. सूरह इख्लासच्या पहिल्या आयतीचा शेवटचा शब्द तो. सहा वर्षांच्या असल्यापासून दिवसातून कितीतरी वेळा त्यांच्या ओठांवर आलेला. पण तो शब्द एका माणसाने अंगावर दगड घेऊन उच्चारला होता, हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा कानांनी ऐकले.

व्याकरणही असेच कानांतून आले. हजरत अबू बक्र (रजि.) यांना हाक मारताना पात्रे 'या अबा बक्र' म्हणतात. थोरलीने विचारले, "अबूचे अबा कसे झाले?" आम्ही पुस्तक उघडले तेव्हा उलगडले. तोच शब्द कर्ता असेल तर 'अबू', हाकेत किंवा कर्म म्हणून आला तर 'अबा', आणि 'चा' असा संबंध सांगताना 'अबी'. म्हणून वडील अबू तालिब, पण मुलगा अली इब्ने अबी तालिब. दोन्ही नावे आम्हाला जन्मापासून माहीत आणि हा प्रश्न कधी पडला नव्हता! थोरली लगेच म्हणाली, "हे तर आपल्या विभक्तीसारखे. घोडा, घोड्याला, घोड्याचा." मराठी शाळेत शिकल्याचा असाही फायदा झाला.

मराठीचा आणखी एक फायदा झाला. वहीत एक पान आम्ही 'घरचे शब्द' म्हणून ठेवले आहे. पात्र 'फकत' म्हणाले की धाकटा ओरडतो, "फक्त!" हिशेब, किल्ला, रयत, बाब, कलम, मजकूर हे सगळे शब्द अरबीतून निघून आपल्या दप्तरांत आणि बाजारांत स्थिरावलेले. काहींनी वाटेत अर्थ बदलला. 'गरीब' म्हणजे अरबीत परका माणूस. 'तकरार' म्हणजे पुन्हा पुन्हा करणे, आपण त्याची तक्रार केली. आणि 'साहिब' म्हणजे सोबती. आपला कचेरीतला साहेब आणि सहाबा हे दोन्ही शब्द एकाच धातूचे. सूरह तौबामध्ये गुहेतल्या प्रसंगी हजरत अबू बक्र (रजि.) यांच्यासाठी हाच शब्द येतो. अब्बा त्या दिवशी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मी 22 वर्षे ज्याला साहेब म्हणालो, तो काही माझा सोबती नव्हता."

या वाटेवर आमची एक मोठी चूकही झाली. धाकट्याने मकतबमध्ये एक सुंदर वाक्य हजरत उमर (रजि.) यांचे म्हणून सांगितले. मौलानांनी प्रेमाने विचारले, "बेटा, हे कुठल्या किताबात आहे?" मुलगा घरी आला आणि आम्हाला तेच विचारू लागला. आम्ही शोध शोध शोधले, सापडले नाही. ते मालिकेतले वाक्य होते, लेखकाने प्रसंगासाठी रचलेले. आम्हाला फार वाईट वाटले. सहाबांच्या तोंडी न बोललेले शब्द घालणे ही लहान गोष्ट नाही, आणि मुलाला तिथवर आम्हीच नेले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही स्वतः मौलानांना भेटून चूक कबूल केली.

तेव्हापासून नियम पक्का आहे. मालिकेतून फक्त शब्द घ्यायचा, वाक्य नाही आणि इतिहास तर नाहीच. वहीत तीन रकाने असतात: शब्द, त्याची मूळ अक्षरे आणि कुरआनात तो कुठे येतो. तिसरा रकाना भरल्याशिवाय शब्द शिकला असे धरायचे नाही. दिवसाला तीन शब्द, जास्त नाही. घटना जाणून घ्यायची असेल तर सीरतची किताब उघडायची आणि आयतीचा अर्थ हवा असेल तर तफसीर. मालिका बघून कुणी आलिम होत नाही. कान तयार होतात, एवढेच. पण आमचे कानच तर बंद होते.

आता वहीत नऊशेच्या आसपास शब्द झाले आहेत. आम्हाला अरबी येते असे आम्ही म्हणणार नाही. मात्र गेल्या रमजानमध्ये तरावीहमध्ये सूरह ताहा चालू असताना 'इज़्हब' आले, तेव्हा अब्बांनी शेजारी उभ्या असलेल्या धाकट्याचा हात किंचित दाबला. नमाजमध्ये असे करू नये, हे घरी आल्यावर त्यांनीच त्याला सांगितले.

अम्मींची काळजी मात्र निराळीच आहे. पूर्वी त्या फजरनंतर एक पारा पूर्ण करत. आता अर्धाही होत नाही. ओळखीचा शब्द आला की त्या थांबतात, बोट ठेवतात, मागे जाऊन पुन्हा वाचतात. परवा त्यांनी अब्बांना विचारले, "माझे वाचन कमी झाले. सवाबही कमी होत असेल का हो?"

अब्बांनी चष्मा काढून पुसला. "ते अल्लाहला ठाऊक," ते म्हणाले. "पण कुठे थांबलीस ते मलाही दाखव." अम्मींनी रिहाल त्यांच्याकडे सरकवली.