घोडा कोरडा आला

होसकोट्याहून कोलारच्या दिशेनं जुन्या मद्रास रस्त्यानं थोडं गेलं की एक मातीची वाट आत वळते. आधी द्राक्षांचे मांडव लागतात, मग नाचणीची शेतं आणि त्यापुढं निलगिरीचं रान. वाटेच्या तोंडाशी एका छोट्या पागेचं लोखंडी फाटक आहे. त्या फाटकातून घोड्यावर बसून एकटीनं बाहेर पडायला मला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत जो माणूस माझ्या घोड्याच्या तोंडापाशी उभा राहिला, त्याचं देणं आज लिहून काढायचं आहे. ते फिटण्यातलं नाही, हे ठाऊक असूनही.

आम्ही त्यांना दफेदारकाका म्हणायचो. मूळचे सातारा जिल्ह्यातले. नोकरी जयपूरच्या ६१व्या कॅव्हलरीत. संस्थानांच्या घोडदळांतून १९५३ साली उभ्या राहिलेल्या या रेजिमेंटमध्ये राजपूत, कायमखानी आणि मराठे असे तिघेही असतात. १९८२च्या दिल्ली आशियाई खेळांत रघुबीर सिंग यांनी शहजादा घोड्यावर इव्हेंटिंगचं सुवर्णपदक जिंकलं, तेव्हा काका नुकतेच भरती झाले होते. निवृत्तीनंतर लेकीच्या संसारामागं ते बंगळुरूला आले आणि घोड्यांवाचून करमेना म्हणून या पागेत रुजू झाले.

मी पुण्याची. नोकरीनं व्हाइटफील्डला आणलं. पुण्यात असताना दोन वर्षं घोडेस्वारी शिकले होते. एकदा मोकळ्या रस्त्यावर मागून भोंगा वाजला, घोडा उधळला, मी पडले आणि गळ्याचं हाड मोडलं. हाड दीड-दोन महिन्यांत जुळलं. भीती मात्र आत मुरत गेली. रिंगणात मी व्यवस्थित बसायचे. दुडकी, चौखूर, सगळं जमायचं. पण फाटक उघडं दिसलं की पोटात गोळा यायचा, गुडघे आवळले जायचे आणि बोटं लगामाला घट्ट चिकटायची.

त्यात माझ्या वाट्याला आलेला घोडा शर्यतीतून निवृत्त झालेला. कागदावर त्याचं लांबलचक नाव होतं. रंगावरून आम्ही त्याला कुमैत म्हणायचो. खांदा माझ्या टाळूला लागेल एवढा उंच, छाती रुंद, आणि अंगात असा जोर की उभा असतानाही तो निघण्याच्या तयारीत आहे असं वाटायचं. वारा, फडफडणारं फडकं, अचानक उडालेला पक्षी, कशानंही बुजायचा. पागेतली बाकीची माणसं म्हणाली, ताई, दुसरा घ्या. काका म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. दोघं एकाच गोष्टीला भितायत. एकमेकांचं बघून शिकतील."

पहिला महिना त्यांनी मला बाहेर काढलंच नाही. रोज सकाळी खरारा. मानेपासून सुरुवात, मग खांदा, पाठ, पोट, शेवटी पाय. ब्रश कुठं फिरला की तो अंग चोरतो, कुठं फिरला की खालचा ओठ सैल सोडतो, हे मला पाठ होईपर्यंत त्यांनी खोगिराला हात लावू दिला नाही. मग दुसऱ्या महिन्यात आम्ही फाटकाबाहेर गेलो, पण पायी. मी पुढं, हातात दोर, मागं कुमैत. काका त्याच्या दुसऱ्या बाजूला. पहिल्या दिवशी मांडवापर्यंत, दुसऱ्या दिवशी मांडव ओलांडून शेतापर्यंत. रोज थोडं पुढं, आणि घोडा शांत असतानाच परत. तो घाबरल्यावर माघारी फिरलो, तर घाबरलं की घर मिळतं हे तो शिकेल, असं काका बजावायचे.

तिसऱ्या महिन्यात खोगीर चढलं. मानेभोवती त्यांनी जुन्या रिकिबीच्या चामड्याचा एक पट्टा बांधला. "भ्या वाटलं तर ह्यो धरा. तोंड धरू नका." शर्यतीच्या घोड्याला लगामाच्या ताणावर टेकून पळायची सवय असते, त्याचं तोंड ओढून धरलं की तो थांबण्याऐवजी अधिक रेटतो. हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. पुण्यात पडले त्या दिवशी मी दोन्ही लगाम जिवाच्या आकांतानं ओढले होते. थांब म्हणून ओरडणारे माझे हात त्या घोड्याला पळ म्हणून सांगत होते, हे इतक्या वर्षांनी कळलं.

त्याऐवजी त्यांनी एकाच बाजूचा लगाम शिकवला. घोडा चालत असताना एक हात हळूच गुडघ्याकडे न्यायचा. मान वळते, मागचे पाय सरळ रेषेतून बाजूला पडतात आणि पळायचा जोर तुटतो. वेग असेल तर झटका द्यायचा नाही, मोठं वर्तुळ घेऊन ते लहान करत आणायचं. हे आम्ही रिंगणात, शांतपणे, दोन्ही बाजूंनी शंभर वेळा केलं. घाबरल्यावर डोकं चालत नाही, हाताला जे ठाऊक असतं तेवढंच होतं, म्हणून.

एका सकाळी वारा होता. द्राक्षाच्या मांडवाची फाटकी जाळी एका टोकानं सुटून फडफडत होती. वीसेक पावलांवर असताना कुमैत थांबला. कान ताठ पुढं, मान लाकडासारखी, नाकपुड्या फुललेल्या. खोगिराखाली त्याचं हृदय धडधडत असलेलं मला माझ्या पोटऱ्यांना जाणवत होतं. त्यानं एकदा जोरात फुरफुर केली. माझा श्वास छातीतच अडकला होता.

काका सावकाश चालत आले आणि त्याच्या तोंडापाशी, जरा बाजूला उभे राहिले. लगामाला हात लावला नाही. जाळीकडं पाहिलंही नाही. घोड्याच्या मानेवर तळवा ठेवला आणि म्हणाले, "निधान. निधान." कानडीत निधान म्हणजे सावकाश. पागेतल्या कानडी मोतद्दारांकडून उचललेला शब्द. मग माझ्याकडं वर बघून म्हणाले, "ताई, श्वास सोडा. घेऊ नका, सोडा. आणि काय येतंय ते म्हणा." मला आईच्या तोंडची आरती आठवली. मी ती पुटपुटू लागले. गाताना श्वास सोडावाच लागतो. दुसऱ्या कडव्याला माझे खांदे खाली आले, मांड सैल झाली. त्याच वेळी कुमैतनं मान एक वीतभर खाली सोडली, जबडा चघळल्यासारखा हलवला आणि एक कान माझ्याकडं मागं वळवला. जाळी अजूनही फडफडतच होती. काकांनी त्याला तिकडं ढकललं नाही. तो आपणहून एक पाऊल पुढं गेला, मग दुसरं. जाळीशी पोहोचल्यावर त्यानं तिचा वास घेतला आणि खालचं गवत खाऊ लागला.

त्या दिवसानंतर मी या विषयावरचं जे मिळेल ते वाचू लागले. स्वीडनमधल्या संशोधकांचा २००९ सालचा एक प्रयोग वाचला. माणसांना घोड्यांवर बसवून किंवा दोर धरून एका जागेपासून दुसरीकडं चालवायला लावलं. शेवटच्या फेरीआधी सांगितलं, की तुम्ही जवळून जाल तेव्हा छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. पण माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि ज्यांना छत्रीचा पत्ताही नव्हता त्या घोड्यांचेही वाढले. मी हे काकांना वाचून दाखवलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, "म्हंजे घोडं आपल्यावर इश्वास ठेवतंय. आपण भ्यालो तर त्याला वाटतं, कायतरी हाय."

आणखी एक गोष्ट वाचली, ती तर याच मातीतली. होसकोटं शहाजीराजांच्या जहागिरीत होतं. १७६८च्या ऑगस्टमध्ये गुत्तीच्या मुरारराव घोरपड्यांची छावणी याच गावाबाहेर पडली होती. हैदरअलीच्या फौजेनं रात्री छापा घातला. अंधार, गोंधळ, आरडाओरडा. अशा वेळी घोडेस्वाराला पहिली बुद्धी होते ती उडी मारून घोड्यावर बसायची. मुराररावांनी हुकूम दिला, कुणीही घोड्यावर चढायचं नाही. प्रत्येकानं आपापल्या घोड्याच्या तोंडापाशी उभं राहायचं. म्हणजे अंधारात जो घोड्यावर दिसेल तो शत्रू. म्हैसूरचा इतिहास लिहिणाऱ्या विल्क्सनं हे नोंदवलं आहे. छापा फसला. मला त्यातली लढाई नाही, तो हुकूम लक्षात राहिला. बिथरलेल्या रात्री शेकडो माणसं आपल्या घोड्यांपाशी पाय रोवून उभी राहिली. काका मांडवापाशी उभे राहिले होते तशीच.

मी हे सांगितलं तेव्हा काकांनी शहाजीराजांची आठवण काढली. १६६४ साली याच कर्नाटकात, होदिगेरेला शिकारीत घोड्यावरून पडून त्यांचा अंत झाला. उभा जन्म खोगिरावर काढलेला माणूस. "म्हून सांगतो," काका म्हणाले, "पडायचं भ्या असणं वाईट न्हाई. त्याची लाज धरू नका. उतरावं वाटलं तर उतरा, चालवत न्या, पुन्हा बसा. उतरला म्हंजे हरला, असं ज्यानं शिकवलं त्याला घोडं कळलं न्हाई."

माझ्या मनातली एक मोठी गाठ त्या वाक्यानं सुटली. तोवर मला वाटायचं, आत्मविश्वास म्हणजे भीती न वाटणं. काकांनी तो कधी माझ्याकडं मागितलाच नाही. माझ्याकडं नव्हता तितके दिवस त्यांनी स्वतःचा वापरायला दिला. माझा घोडा त्यांच्या हातावर शांत झाला आणि मी घोड्याच्या शांत होण्यावर.

चौथ्या महिन्याच्या शेवटी एका सकाळी ते फाटकापाशी थांबले. म्हणाले, "आज मी हितंच बसतो." मग घोडदळाचा जुना नियम पुन्हा एकदा सांगितला: पहिला मैल चालत, शेवटचा मैल चालत. मधे काय करायचं ते तुमचं आणि त्याचं.

आम्ही गेलो. मांडव, शेतं, रान. निलगिरीच्या सरळ वाटेवर मी त्याला दुडकी दिली आणि मग चौखूर सोडला. एकदा झुडपातून लावे उडाले, तो बाजूला उसळला. माझा एक हात मानेतल्या पट्ट्यावर गेला, दुसरा हळूच गुडघ्याकडं. तो वळला, मंदावला, चालू लागला. मी आरती म्हणत होते हे मला नंतर लक्षात आलं. शेवटचा मैल आम्ही लगाम मोकळा सोडून चालत आलो.

काका उठले. कसं झालं, भ्या वाटलं का, काही विचारलं नाही. सरळ घोड्यापाशी गेले, तंगाखाली हात घातला, मग खोगिराच्या पुढं खांद्यावर तळवा फिरवला. तो तळवा त्यांनी माझ्यापुढं धरला. "घोडा कोरडा आला," ते म्हणाले. एवढंच. भ्यालेला, रेटलेला घोडा घामानं निथळत परततो, हे मला तोवर ठाऊक झालं होतं. मी खाली उतरून त्यांच्या पाया पडले.

आता काका गावी परतलेत. जाताना मानेचा तो पट्टा मला देऊन गेले. मराठीत निधान म्हणजे ठेवा. त्यांनी कानडी म्हणून उच्चारलेला तो शब्द माझ्याकडं दोन्ही अर्थांनी राहिला आहे. दर खंडेनवमीला कुमैतच्या गळ्यात झेंडूचा हार घालते आणि काकांना फोन लावते. ते माझी खुशाली नंतर विचारतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो.

"कोरडा येतोय का?"

"येतोय, काका."