लुना, आजोबा आणि मी

मी कॉन्व्हेंटवाली, माझं मराठी यथातथाच. सांभाळून घ्या!

दिवाळीच्या सुट्टीत नगरला आजोबांची जुनी लुना खोलली. १९७२ मध्ये बाजारात आलेली ही मोपेड आमच्या नगरच्याच कायनेटिक कारखान्यातली. आजोबांची अख्खी नोकरी तिथेच झाली. हल्ली त्यांचे हात थरथरतात, म्हणून पाने माझ्या हातात आणि हुकूम त्यांचे!

५० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन. व्हॉल्व्ह नाहीत; पिस्टनच वर-खाली होत पोर्ट उघडतो-झाकतो. पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल जळून एक्झॉस्ट पोर्टमध्ये काजळी साचते. ती खरवडली, नव्या रिंगा चढवल्या. सिलिंडर बसवणार तोच आजोबा म्हणाले, "थांब. रिंगेचं तोंड बघ."

पिस्टनच्या खाचेतली बारीक पिन रिंगेच्या फटीत यायला हवी. ती रिंगेला फिरू देत नाही. नाहीतर टोक पोर्टमध्ये अडकून रिंग तुटते. आजोबांनी थरथरत्या बोटानेच रिंग सरकवली. टक्! बसली.

परीक्षेत हीच आकृती काढून मी पूर्ण मार्क मिळवले होते. त्यात पिन नव्हती.

तिसऱ्यांदा पेडल मारल्यावर लुना सुरू झाली. आजोबा आवाज ऐकत राहिले. मग म्हणाले, "आता पुढच्या वेळी एकटीच कर."

"छे! हुकूम तुमचेच," मी म्हटलं. आणि उगाचच चिंधीने हात पुसत बसले.