वळसा

दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्को किती लांब? पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर अंतर भरते सुमारे 12,400 किलोमीटर. वर्गातल्या भिंतीवरील नकाशात आपण जी आडवी रेघ कल्पितो, तिच्याशी या दोऱ्याचे काहीच नाते नसते. तो मध्य आशियावरून थेट उत्तरेस चढतो आणि ध्रुवाच्या जवळून पलीकडे उतरतो. मर्केटरने 1569 मध्ये आपला नकाशा केला तो दर्यावर्दींसाठी. आपण मात्र त्याच्यावरून 'जवळ' आणि 'दूर' ठरवीत आलो.

विमाने या दोऱ्यावरूनच जातात असेही नाही. एअर इंडियाने ऑक्टोबर 2016 मध्ये या मार्गावरचे विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले. 13,900 च्या जागी सुमारे 15,300 किलोमीटर, आणि तरीही वेळ जवळजवळ दोन तासांनी कमी! पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे उंचावरचे झोतवारे पाठीशी घेतले, एवढेच.

हे वाचून आम्हांस मेघदूत आठवले (मराठीच्या मास्तराला दुसरे काय आठवणार?). रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, हे वा. वि. मिराशी यांचे मत ग्राह्य धरले, तर तेथून कैलास सरळ रेषेत सुमारे 1,100 किलोमीटर. यक्ष मेघाला उत्तरेस पाठवतो खरा, पण वाट वाकडी करून उज्जयिनीला जा, असे बजावतो. हा वळसा साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास जातो. पत्नी दिवस मोजीत बसली आहे, निरोप तातडीचा आहे, आणि हा गृहस्थ दूताला नगरे आणि नद्या दाखवीत बसतो! कवीचे उज्जयिनीप्रेम हे याचे नेहमीचे उत्तर. ते खोटे नव्हे, पण अपुरे वाटते. ज्याला स्वतःला जाता येत नाही, त्याला वाट तोंडानेच चालावी लागते. आणि मग ती लवकर संपावी असे त्याला का वाटेल?

आमच्या घरी हे रोजचे झाले आहे. आईने अंथरूण धरले आहे. नातू तिकडे असतो; येऊन गेला की परतीच्या रात्री ती झोपत नाही. किलोमीटरचा आकडा एकदा सांगून पाहिला, तिने तो ऐकूनही घेतला नाही. तिला गावे हवी असतात. ''आता कुठं असेल रे तो?'' आम्ही घड्याळ पाहून सांगतो, जपान मागे पडले असेल. थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रश्न. आता खाली नुसते पाणी असते, सांगायला एकही गाव नसते. तेव्हा आम्ही पुन्हा जपानबद्दलच काहीबाही बोलत राहतो. पुढच्या खेपेस तो येईल तेव्हा आपण असू की नाही, हे ती विचारीत नाही. मागच्या वेळी तिने एवढेच विचारले, की वाटेत पाऊस लागतो का. विमान बहुतेक वेळ ढगांच्या वरूनच जाते, असे आम्ही तिला सांगितले.