साठीचा हिशोब

साठ वर्षं पुरी झाली त्या सकाळी आमच्या हिने बिनसाखरेचा चहा पुढे ठेवला. "साठी झाली आता," एवढंच म्हणाली. 'बुद्धी नाठी' हे पुढचं तिने गिळलं, पण चेहऱ्यावर ते स्वच्छ दिसलं.

कॉम्प्युटरमध्ये काम करणाऱ्या कन्येला माझी दया आली. "बाबा, हाताला बोटं दहा, म्हणून आपण दहाच्या पायावर मोजतो. सहा वेळा दहा, वर शून्य, म्हणून ६०. पाया बदला की!"

हे एकदम पटलं. पेन्सिल घेऊन बसलो. बाराच्या पायावर, म्हणजे डझनांनी मोजलं, तर पाच डझन वर शून्य. ५०! एका झटक्यात दहा वर्षं उतरली. गावाकडची आमची आजी विसांनी मोजायची. तीन विसा, वर शून्य. ३०! हाव सुटली. प्राचीन बाबिलोनी लोक साठाच्याच पायावर मोजत. त्यांच्यामुळेच तासाची मिनिटं साठ. तो पाया घेऊन, आपलं शून्य लावून लिहिलं, तर मी १०. हाफ पँट शिवायला टाकावी की काय, या विचारात पडलो.

"आता लहान पाया घेऊन बघा," कन्या म्हणाली. तिनाच्या पायावर उत्तर आलं २०२०. त्या वर्षाची आठवण नको म्हणून घाईने दोनावर गेलो, तर ११११००. एवढं वय ऐकून मार्कंडेयही दचकला असता. सोळाच्या पायावर बारालाही एकच खूण लागते, म्हणून तिथे मी ३सी. हे वय की चाळीतल्या खोलीचा नंबर?

मग चाराचा पाया घेतला आणि वडील आठवले. १९५७ साली नवे पैसे येण्याआधी त्यांचा सगळा बाजार याच पायावर चाले. चार पैशांचा आणा, चार आण्यांची पावली, चार पावल्यांचा रुपया. साठ पैसे म्हणजे तीन पावल्या, तीन आणे, शून्य पैसे. चाराच्या पायावर साठ लिहा: ३३०. तेच! पण दुसरंही एक लक्षात आलं. साठ पैसे म्हणजे पंधरा आणे. रुपयातले पंधरा आणे खर्च झाले, उरला एक. पेन्सिल खाली ठेवली.

स्वयंपाकघरात हिने पेढ्यांचा डबा उघडून ठेवला होता. मोजून साठ. उदास माणसाने करायचं तेच मी केलं. एक पेढा तोंडात टाकला.

संध्याकाळी हिने सहा ताटल्या मांडल्या. पाच शेजाऱ्यांच्या, एक घरची. एक ते सहा, कुणीही भागा, बाकी उरत नाही अशी सर्वांत लहान संख्या साठच. हिला हे गणित कुणी शिकवलेलं नाही, पण साठच पेढे आणायचे हे तिला बरोबर कळतं. पाच ताटल्यांत दहा-दहा झाले. सहावीत नऊ.

हिने माझ्याकडे पाहिलं.

"पाया बदलून मोज," मी म्हणालो.

"कुठल्याही पायावर मोजा. एक खाल्लाय तो खाल्लाय."

खरं होतं. एकोणसाठ ही मूळ संख्या. कशीही लिहा, सहांत काय, दोघांतसुद्धा सारखी वाटली जायची नाही. पाया बदलला की आकडे बदलतात, पेढे बदलत नाहीत. वर्षंही नाहीत.

मी मान खाली घातली. हिने पाच ताटल्या शेजारी धाडल्या, नऊची आपल्या दोघांत ठेवली आणि त्यातला एक मोडून अर्धा माझ्या हातावर ठेवला.

"आजच्या दिवस," म्हणाली.

उरलेल्या आण्याचे पैसे किती होतात, ते मी पुन्हा मोजायला घेतलं.