चिंधी, चामडं आणि कानातले



कानातलं सोन्याचंच हवं असं कुठे लिहून ठेवलंय? माझी नात पुण्याला नोकरी करते आणि सुटीच्या दिवशी खणाच्या चिंध्या नि चामड्याचे तुकडे जोडून कानातले, गळ्यातले करते. दिवाळीत कन्हानला आली की माझ्या पलंगावर सगळा पसारा! मग मीही हाताशी बसते.

काम दिसतं तेवढं सोपं नाही बरं का. खण मूळचा कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा, पण आपल्या चोळीत नि ओटीत असा रुळला की मराठीच वाटतो. चमक सुरेख, पण कापला की कडेचे धागे सुटतात. म्हणून मागून बुकरम चिकटवायचं आणि कड आत दुमडायची. चामड्याचं उलटं. धागे सुटायचा प्रश्न नाही, पण कड जाड राहिली तर दागिना बोजड दिसतो. ती रापीने तासून पातळ करावी लागते. बाभळीच्या सालीने नि हिरड्याने कमावलेलं चामडं हाताळून हाताळून गडद होत जातं, त्याची शोभा वेगळीच. बॅगांच्या कारखान्यातले तुकडे बहुधा क्रोमने कमावलेले असतात. मऊ, रंगीत. पण उरलेले चुलीत टाकू नका, तो धूर घातक असतो.

रापी हा शब्द माझ्या तोंडी सहज आला, कारण माझे बाबा जोडे शिवायचे. नातेवाईकांना हे ठाऊकच आहे, बाकीच्यांना पहिल्यांदाच सांगते आहे. नदीच्या या काठाला आम्ही, त्या काठाला कामठी. तिथे १८२१ पासूनची लष्करी छावणी, त्यामुळे बुटांच्या कामाला तोटा नव्हता. पण आम्हा भावंडांना बाबांनी आरी-रापीला कधी हात लावू दिला नाही. "तुह्या हातात पेनच पायजे," म्हणायचे. मी बी.ए. झाले, शिक्षिका झाले. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका घरी माझा चहाचा कप वेगळा ठेवलेला मी ओळखला. घरी येऊन बाबांना त्यातलं काही सांगितलं नाही. ते त्या दिवशी माझ्या पगाराच्या आनंदात होते.

यंदा नातीने एक नवीनच काढलं. दागिन्याबरोबर जे छोटं कार्ड देते, त्यावर तिला लिहायचंय, "माझे पणजोबा चर्मकार होते. हे काम त्यांचं." माझा मुलगा, म्हणजे तिचा बाप, एकदम बिथरला. "दोन पिढ्या घातल्या हे मागे टाकायला, आणि तू छापून वाटणार?" पोरगी म्हणाली, "बाबा, लाज आपण का वाटून घ्यायची? ज्याने कप वेगळा ठेवला त्याला वाटू दे." ही कपाची गोष्ट तिला मीच सांगितली होती.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. काय सांगणार?

मला मुलाचं भय खोटं वाटत नाही. आडनाव विचारून मग घर भाड्याने देणारे आजही आहेत. पण दुसरी बाजूही बघा. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार नि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. आणि जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच चपला दाखवल्या, तेव्हा कोल्हापूरचं नावसुद्धा घेतलं नाही. ओरड झाल्यावर प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचं मान्य केलं. करणाऱ्याने आपलं नाव स्वतः लिहिलं नाही तर हे असं होतं.

संत रोहिदासांची कथा तुम्हाला माहीत असेल. गंगेने दिलेल्या कंकणाचा जोड राणीला हवा होता, आणि तो निघाला चामडं भिजवायच्या कठवतीतून! लहानपणी मला त्यात फक्त चमत्कार दिसायचा. आता वाटतं, ज्या पाण्याला लोक शिवत नव्हते, त्याच पाण्यातला दागिना राणीला मात्र चालला.

बाबांनी मला आरीपासून दूर ठेवलं ते काम हलकं होतं म्हणून नव्हे. आम्हाला दुसरं काही करायची मुभाच नव्हती म्हणून. नातीला ती मुभा आहे. नोकरी सोडून नाही, नोकरी असताना ती हे करते. तिने हौसेने उचललेली रापी आणि बाबांना जन्माने मिळालेली रापी, या दोन वेगळ्या.

मी मुलाला एवढंच म्हटलं, "कार्ड तिचं आहे, तिलाच ठरवू दे." आणि नातीला म्हटलं, "लिही. पण एक कर. कामठीत रस्त्याकडेला बसतात ना ते काका, चामड्याच्या कडा त्यांच्याकडून तासून घे, आणि घासाघीस न करता मजुरी दे. नाहीतर पणजोबांचं नाव कार्डावर नि कष्ट दुसऱ्याचे, असं व्हायचं."

ती हो म्हणाली. मुलगा अजून गप्पच आहे. तुम्ही काय सांगितलं असतं?