भोंवरा पाडणारें भिंग आणि कासचीं फुलें

छायाचित्र म्हणजे वस्तूचें जसेंच्या तसें प्रतिबिंब, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. भिंग जितकें निर्दोष तितकें चित्र खरें, हेंही आपण गृहीत धरतों. परंतु कांहीं भिंगें त्यांच्यांतील दोषासाठींच मुद्दाम वापरलीं जातात. अशा एका भिंगाचा प्रयोग गेल्या भाद्रपदांत आम्हीं कासच्या पठारावर व पुढें मेणवलीच्या घाटावर करून पाहिला. हौसेनें छायाचित्रें काढणार्‍या वाचकांस त्याची हकीकत उपयोगी पडेल असें वाटल्यावरून ती येथें देत आहों.

ह्या भिंगाचें नांव 'हेलिऑस-४४'. जर्मनींतील झाइस कारखान्याच्या 'बायोटार' ह्या भिंगाच्या धर्तीवर दुसर्‍या महायुद्धानंतर तें रशियांत होऊं लागलें व मॉस्कोजवळील क्रास्नोगोर्स्क येथील कारखान्यांतून फार मोठ्या संख्येनें बाहेर पडलें. त्याचें नाभीय अंतर ५८ मिलिमीटर आहे. नव्या डिजिटल कॅमेर्‍यावर एक जोडकडें लावून तें बसवितां येतें. मात्र त्यांत स्वयंचलित असें कांहीं नाहीं, स्पष्टता हातानेंच साधावी लागते. त्याचा विशेष हा कीं, मध्यावरील वस्तु रेखीव उमटते आणि तिच्या मागील पानेंफुलें तिच्याभोंवतीं गरगर फिरत असल्याचा भास होतो. ह्याचें कारण सोपें आहे. मागील अस्पष्ट उजेडाचा ठिपका चित्राच्या मध्यावर वाटोळा दिसतो; पण कडेकडून तिरपे येणारे किरण भिंगाच्या नळीनें कांहींसे अडतात व तेथील ठिपका मांजराच्या डोळ्यासारखा निमुळता होतो. असे निमुळते ठिपके मध्याभोंवतीं ओळीनें लागले कीं भोंवरा तयार होतो.

अशीच फिरती पार्श्वभूमि देणारें भिंग जोसेफ पेट्झवल ह्या गणितज्ञानें १८४० सालीं व्हिएन्ना येथें सिद्ध केलें होतें. त्यापूर्वीं आपलें चित्र उतरवून घेणार्‍या माणसास कित्येक मिनिटें निश्चल बसावें लागे. पेट्झवलच्या भिंगानें तो काळ मिनिटाच्या आंत आणला. त्यास भोंवरा नको होता, उजेड हवा होता. पुढें त्याच धर्तीचें भिंग २०१३ सालीं केवळ ह्या भोंवर्‍याच्या हौसेसाठीं पुन्हा बनविण्यांत आलें! काल ज्यास व्यंग म्हटलें त्यास आज अलंकार म्हणतात, असे हें प्रकरण आहे.

कासचें पठार सातार्‍याच्या पश्चिमेस सुमारें २५ किलोमीटरांवर, समुद्रसपाटीपासून सुमारें १,२०० मीटर उंच आहे. काळ्या कातळावर जांभा आणि जांभ्यावर मातीचा इतका पातळ थर, कीं मोठ्या वृक्षानें तेथें मूळ धरूं नये. म्हणूनच पावसाच्या ओलीवर जगणार्‍या इवल्या वनस्पतींचें तेथें राज्य आहे. साडेआठशेंच्या वर जाती येथें नोंदलेल्या आहेत. सह्याद्रींतील इतर स्थळांबरोबर २०१२ सालीं युनेस्कोनें ह्या पठारास जागतिक वारशाच्या यादींत घेतलें.

तेरड्याचा रंग तीन दिवस, असें आपण म्हणतों; पण येथें तेरड्याचे गुलाबी ताटवे दृष्टि पोंचेल तेथवर पसरलेले असतात. पाऊलवाटेच्या कडेस बसून, भिंगाचें छिद्र पूर्ण उघडें ठेवून आम्हीं एका झुबक्यावर नजर स्थिर केली. चित्रांत तो झुबका रेखीव आला व मागचा सारा गुलाबी विस्तार वार्‍यानें घुसळल्यासारखा झाला. पठारावर उभें राहिलें असतां जें वाटतें, तेंच त्यांत होतें. मात्र त्यासाठीं पार्श्वभूमि दोनचार पावलें मागें हवी आणि तींत पानांचे, दंवाचे, उन्हाचे ठिपके हवेत. धुकें दाटलें कीं मागें नुसती पांढरी भिंत उरते. छिद्र लहान केलें कीं भोंवरा विरून जातो.

पुढें वायतुर्‍याचें चित्र घेतलें तेव्हां मतभेद झाला. दोन शिंगें फुटल्यासारखा त्याचा तुरा असतो, आणि सातार्‍याचें नांव शास्त्रीय नामांत मिरविणारी ही वनस्पति जगांत फार थोड्या ठिकाणीं आढळते. आमच्या वहिनींनीं अनेक वर्षें वनस्पतिशास्त्र शिकविलेलें आहे. त्या म्हणाल्या, "भावजी, चित्र फार गोड आलें आहे, पण उद्यां ह्यावरून कोणी हें झाड ओळखील काय?" प्रश्न रास्त होता. दवबिंदूच्या पानांवरील चिकट थेंब, ज्यांत किडे अडकतात, ते त्या भोंवर्‍यांत नुसते चकाकणारे ठिपके झाले होते. सीतेच्या आसवांचा निळा गालिचा छान उतरला. पण एकेका फुलाची ठेवण हरवली. तेव्हां असें ठरलें कीं, प्रत्येक फुलाचीं दोन चित्रें घ्यावीं, एक साध्या भिंगानें ओळखीसाठीं व एक ह्या भिंगानें आनंदासाठीं. आणि दोहोंखालीं नांव, स्थळ व तिथि लिहावी. जी वनस्पति मोजक्याच जागीं उरली आहे तिचें चित्र ही नुसती शोभेची वस्तु नसून पुढील पिढीस दिलेली साक्ष आहे.

आणखी एक गोष्ट. हें भिंग अर्ध्या मीटरहून जवळचें पाहूं शकत नाहीं. म्हणून वाट सोडून चार पावलें आंत जावें असा मोह पदोपदीं होतो. पण तेथील माती बोटभरही जाड नसते. एका पावलाखालीं पुढच्या वर्षाचें बीं चिरडलें जातें. वाटेवरून जें साधेल तेवढेंच आपलें, हा नियम आम्हीं घरच्या मुलांस घालून दिला व त्यांनीं तो आमच्याहून कसोशीनें पाळला.

दुसरे दिवशीं वाईजवळील मेणवलीस गेलों. नाना फडणविसांच्या वाड्यामागें कृष्णेचा घाट आहे. दूरच्या पायर्‍या व पात्र टिपतांना ह्या भिंगाची करामत दिसेना. सर्वच दूर असल्यावर भोंवरा कशाचा पडावा? मात्र वसईच्या १७३९ च्या विजयानंतर आणलेली ती थोरली घंटा जवळून घेतली, तेव्हां मागील पानांतला उजेड तिच्याभोंवतीं असा फिरला, कीं ती नुकतीच वाजून थांबली असावी. प्रवासांत अशा भिंगाची जागा एवढीच : जवळची एखादी वस्तु, तिच्यामागें थोडें अंतर, आणि त्यापलीकडे पानांचा उजेड. बाकीचें काम साध्या भिंगाकडे सोंपवावें.

घरीं परतल्यावर दोन्हीं प्रकारचीं चित्रें एकाच वहींत समोरासमोर लावलीं आहेत. लहानथोर सर्वजण आधीं फिरतें चित्र पाहतात, आणि मग फुलाचें नांव विचारावयास दुसर्‍याकडे वळतात. ह्याहून अधिक अपेक्षा आम्ही त्या भिंगाकडून करीत नाहीं.